बिनपगारी राखण

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्याचा फेसबुक ग्रूप एका निवृत्त मास्तरांनी सुरू केला, तेव्हा त्यावर फक्त तीन गोष्टी असायच्या: हरवलेली गुरं, गेलेली वीज आणि कुठल्या जत्रेत कुठलं नाटक. सदस्य हजारांत गेले तसे जमिनीचे दलाल आले, घरबसल्या नोकरीवाले आले, भांडणंही आली. सरांना एकट्याला ते आवरेना. त्यांनी मला विचारलं, कारण मी वाळपईत औषधांच्या दुकानात बसते. "तुका सगळीं वळखतात," एवढंच त्यांनी कारण दिलं. ती ओळखच पुढे या कामातली सगळ्यात मोठी अडचण ठरली.

सर अॅडमिन, मी मॉडरेटर. मॉडरेटर पोस्ट मंजूर करू शकतो, काढू शकतो, सदस्याला काही दिवस गप्प बसवू शकतो किंवा कायमचा बाहेर काढू शकतो. ग्रूपची सेटिंग बदलणं आणि नवा अॅडमिन नेमणं मात्र त्याच्या हातात नसतं. सुरुवातीचे काही आठवडे सरांनी मला एकाही बटणाला हात लावू दिला नाही. थांबून राहिलेल्या पोस्ट वाचायच्या, ही ठेवायची की काढायची आणि का, ते एका वाक्यात त्यांना लिहून पाठवायचं. 'का' नसेल तर ते उत्तरच देत नसत. शाळेत ते गणित शिकवायचे, पायऱ्या न दाखवता आलेल्या उत्तराला मार्क नाहीत.

पहिलं काम दारावरचं. फेसबुक ग्रूपमध्ये येणाऱ्याला तीन प्रश्न विचारू देतं. खोट्या खात्यांना गाळायचं तर प्रश्न इथला माणूसच सांगू शकेल असा हवा. कुणीतरी सुचवलं, ग्रामदेवतेचं नाव विचारूया. मी नको म्हटलं. मग होंडा गावातल्या कारखान्यात कामाला आलेला माणूस, चर्चला जाणारं घर, मशिदीजवळचं घर, यांना आपण पहिल्याच दारात परीक्षा देतोय. त्यापेक्षा 'तुमच्या सगळ्यात जवळचा बसस्टॉप कोणता?' हा प्रश्न बरा. तो दहा वर्षांपूर्वी आलेल्यालाही येतो, आणि प्लॉट विकणाऱ्या खोट्या खात्याला येत नाही. आजही तोच आहे.

शिव्या पकडायला शब्दांची यादी घालता येते. तिचा आम्हांला फारसा उपयोग झाला नाही. आमच्याकडे माणूस मराठीत सुरू करतो, कोंकणीत चिडतो आणि रोमन लिपीत शिवी देतो, तीही दर वेळी वेगळ्या स्पेलिंगने. ते वाचावंच लागतं.

भाषेवरून तर ठिणगी पडायला वेळ लागत नाही. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा राहिली आणि रोमीवाले, म्हणजे रोमन लिपीत कोंकणी लिहिणारे, नाराज राहिले. हा वाद आमच्या जन्माआधीचा, पण पाण्याच्या टँकरची वेळ विचारणाऱ्या पोस्टखालीसुद्धा तो उगवतो. मी स्वतः घरी कोंकणी बोलते आणि लिहिते मराठीत. सत्तरीत अशी घरं कितीतरी आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना मी आपली वाटते आणि परकीही. शेवटी नियम केला: भाषेच्या प्रश्नावर स्वतंत्र पोस्ट लिहून हवा तेवढा वाद घाला, पण कुणी अमुक भाषेत का लिहिलं म्हणून त्याला टोकायचं नाही. एवढ्याने निम्मी भांडणं थांबली. उरलेली थांबावीत असं मला वाटतही नाही.

2021 च्या पावसात मी नवखी होते. 23 जुलैला म्हादईला पूर आला, सत्तरी आणि डिचोलीत घरं पडली. त्या दिवशी ग्रूपचा खरा उपयोग झाला: कुठला रस्ता बंद, कुणाकडे गॅस आहे, कुठल्या वाड्यावर म्हातारी माणसं अडकली आहेत. आणि त्यात मधूनच 'अंजुणे धरण फुटलं'. धरणाचं पाणी केरी-मोर्ले करत साखळीच्या वाळवंटी नदीकडे जातं, म्हणजे ते वाचून केरीपासून साखळीपर्यंत लोक सामान डोक्यावर घेतील. सोबतच्या व्हिडिओतलं धरण अंजुणे नव्हतंच. पण नुसती पोस्ट काढून भागत नाही, कारण ती तोवर व्हॉट्सअॅपवर गेलेली असते. आणि काढली की 'लपवतायत' अशी नवी अफवा. तेव्हापासून आम्ही मूळ पोस्टखालच्या कमेंट बंद करतो आणि सगळ्यांत वर आपली एक पोस्ट लावतो: धरणाचे दरवाजे भरल्यावर उघडतात, फुटणं वेगळं, पाणी सोडल्याची सूचना जलस्रोत खात्याची, अडचण असेल तर 112. खाली वेळ घालतो, कारण पुरात दोन तासांपूर्वीचं खरंही चालत नाही.

पोस्ट काढल्यावर शहरातल्या मॉडरेटरला फार तर इनबॉक्समध्ये शिव्या मिळत असतील. मला दुकानात गिऱ्हाईक विचारतं. बीपीच्या गोळ्या हातात घेऊन, "म्हजी पोस्ट कित्याक काडली गो?" मागे रांग. त्याहून मजेशीर म्हणजे कित्येक पुरुष मला काही न बोलता माझ्या नवऱ्याला गाठतात. "वहिनीला जरा सांग." नवरा फेसबुकवर नाहीच. त्याने सगळ्यांना एकच उत्तर ठरवून टाकलंय: तो दुकानाचा विषय आहे, दुकानात विचारा.

यावरून एक पद्धत बसवली, ती मला अजूनही सगळ्यात उपयोगाची वाटते. ज्या गावचं भांडण, त्या गावच्या मॉडरेटरने त्याला हात लावायचा नाही. वाळपईचं प्रकरण केरीचा मुलगा बघतो, केरीचं मी. आणि काढलेल्या प्रत्येक पोस्टचं कारण त्या माणसाला कळवायचं, नियमाच्या क्रमांकासह. नातं, सोयरीक, जुनी वाटेवरची भांडणं यांतून पूर्ण सुटका होत नाही, पण निदान "तिने काढली" ऐवजी "ग्रूपने काढली" असं लोक म्हणू लागले.

कस लागला तो 10 ऑगस्ट 2022 च्या पंचायत निवडणुकीत. विधानसभेला पक्ष असतात, राग वाटला जातो. पंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, वॉर्ड लहान, उमेदवार म्हणजे शेजारी, कधी चुलतभाऊच. प्रत्येक पोस्ट आधी तपासूनच सोडायची असं ठरवलं. प्रत्येक उमेदवाराला एकच पोस्ट, सगळ्यांना सारखीच, आणि मतदानाच्या आदले दोन दिवस प्रचार बंद. त्यात काहींनी विचारलं, सदस्याने काही लिहिलं तर तुरुंगात अॅडमिन जाणार का? ही भीती इतकी पसरली होती की एक चांगला मॉडरेटर तिच्यामुळेच सोडून गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये व्हॉट्सअॅप ग्रूपबद्दल म्हटलं होतं की दुसऱ्याच्या मजकुरासाठी अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, त्यासाठी त्याचा आणि लिहिणाऱ्याचा हेतू एकच असावा लागतो. गोवाही त्याच उच्च न्यायालयाखाली येतो. हे मी छापून दुकानाच्या खणात ठेवलं होतं. दाखवावं लागलं, अनेकांना.

झोप उडवते ती मात्र निनावी पोस्ट. सदस्यांना नाव दिसत नाही, आम्हांला दिसतं. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. एका मुलीने खासगी बसमधल्या त्रासाबद्दल निनावी लिहिलं. नाव मी पाहिलं, आणि ती माझ्याकडे औषध न्यायला येणारी. पोस्ट सोडण्याआधी तिला कळवलं की तुझं नाव आम्हा मॉडरेटरांना दिसतं, बसची वेळ आणि मार्ग लिहिलास तर गावात ओळखू येशील, तो भाग काढायचा का? तिने काढला. खाली इतर बायकांनी लिहिलं, मग काही पालक बसमालकाकडे गेले. दुकानात ती आली तेव्हा मी तो विषय काढला नाही, तिनेही नाही. आता निनावी पोस्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही सूचना आधी जाते.

सध्या आम्हांला आणखी एक मॉडरेटर हवा आहे. रोमी कोंकणी सरळ वाचणारा, रात्री दहानंतर फोन बंद ठेवू शकणारा, आणि गणेश चवथीच्या दिवसांत, सगळे घरी बसून फोनवर असतात तेव्हा, दिवसाकाठी एक तास देणारा. सत्तरीबाहेरचा असला तर उत्तमच. पैसे मिळत नाहीत.