केदारकंठा: वॉटरप्रूफ बूट घेऊन गेलो, उतारावर काय झालं ते वाचा आणि मगच बूट घ्या

परवाच घरी आलोय, डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलंय आणि डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळं थोडं कडक लिहिलं जाईल. पण आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातनं दर हिवाळ्यात कितीतरी पोरं पहिल्यांदा बर्फात जातात आणि त्यांना बुटाबद्दल खरं सांगणारं इथं कुणी भेटत नाही. इथं थंडी म्हणजे स्वेटर घातला की झालं. बर्फ आपण फक्त उसाच्या रसात बघितलेला.

उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फातल्या ट्रेकला आम्ही पाचजण गेलो होतो. फिटनेसवर मी काही लिहिणार नाही, येळ्ळूरचा राजहंसगड पाठीवर दहा किलो घेऊन न थांबता चढता येत नसेल तर आधी ते करा, मग पुढचं वाचा. जॅकेट, टोपी, हातमोजे हे पण सगळ्यांना माहीत असतं. माझं भांडण बुटाशी आहे.

बूट मी इथंच मार्केटात घेतला, ३,२०० रुपयाला. बाहेरून चकचकीत, आत पांढरी फर, बाजूला उणे वीस डिग्री असं छापलेलं, वर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ. दुकानदाराला विचारलं की बर्फावर घसरत नाही ना, तर म्हणाला, "अहो लडाखला चादर ट्रेकला सगळे गमबूटच घालतात, ह्यो तर त्याच्यापेक्षा भारी." मला ते पटलं, कारण अर्धं खरं होतं. चादरला गमबूट घालतात हे खरंच आहे. पण चादर म्हणजे गोठलेली झंस्कार नदी, तिथं बर्फावर पाणी येतं, त्या पाण्यातनं चालावं लागतं म्हणून गमबूट, आणि चाल बहुतेक सपाट. केदारकंठा म्हणजे पायथ्याच्या सांकरी गावाच्या साडेसहा हजार फुटांच्या आसपासनं साडेबारा हजारांपर्यंत चढ आणि तेवढाच उतार. दोन्हीला एकच बूट कसा चालेल? हे मला दुकानात सुचलं नाही, उतारावर सुचलं.

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले एक काका राहतात, बर्फात नोकरी केलेले. त्यांनी जायच्या आधी बोलावून सांगितलं होतं, "एक नंबर मोठा घे बाळा. मोजा एकच घाल, पण लोकरीचा. आत बोटं हलाया पाहिजेत. आणि सोलात नख रुतवून बघ, रुतलं नाही तर घेऊ नको." मी हो हो म्हटलं आणि बूट तर आधीच घेऊन झाला होता. घरी येऊन नख रुतवून बघितलं, रुतलं नाही. तरी तोच बूट घेऊन गेलो, ही माझी चूक, ती मी लपवत नाही.

त्या बुटाचं खरं रूप मला आता कळलंय. आमची शेती जांबोटीकडं आहे, तिकडं रोप लावणीला बाबा गमबूट घालून दिवसभर चिखलात असतात. संध्याकाळी बूट काढला की पाय पांढरा पडलेला, सुरकुतलेला, मोजा पिळला तर पाणी निघतं, आणि बाहेरचं पाणी तर एक थेंब आत गेलेलं नसतं. ते सगळं घामाचं. माझा स्नो बूट म्हणजे तोच गमबूट, आत फर चिकटवलेला. पाणी आत येत नव्हतं, पण घामपण बाहेर जात नव्हता. पहिल्याच दिवशी जुडा का तालाब या तळ्याजवळच्या मुक्कामाला पोचलो तेव्हा मला वाटलं बूट गळतोय, हात घालून बघितलं तर फर आतनंच चिंब झालेली. रात्री तंबूत बूट पायथ्याशी ठेवला, सकाळी ती फर गोठून काथ्यासारखी कडक. त्यात पाय घालताना काय वाटतं ते लिहून कळणार नाही.

प्रवासाचं थोडक्यात. बेळगावातनं गोवा एक्सप्रेस, तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन, तिथनं डेहराडून, मग पुरोला, मोरी करत सांकरी, साधारण दोनशे किलोमीटर पण दिवस जातो. वळणं चोर्ला घाटासारखी, फक्त दिवसभर. ज्यांना गाडी लागते त्यांनी सकाळी कमी खा.

सांकरीत भाड्याचं सामान. इथं नीट वाचा. मायक्रोस्पाइक (बुटाखाली रबरानं चढवायची टोकदार साखळी) आणि गेटर (बर्फ आत पडू नये म्हणून बुटाच्या वर पोटरीला बांधायचं कव्हर) असे दोन्हीचे मिळून चार दिवसांचे माझ्याकडनं १,४०० रुपये घेतले, वर २,००० डिपॉझिट. संध्याकाळी जेवताना दुसऱ्या ग्रुपच्या पुण्याच्या पोरांशी बोललो तर त्यांनी दोन दुकानं पुढं जाऊन सातशेला घेतलेलं. दुप्पट! आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे माल जुना होता. स्पाइकचं रबर मी संध्याकाळच्या उजेडात बघितलं, वरून बरं दिसलं. ताणून बघायला पाहिजे होतं. जुनं रबर ताणलं की बारीक भेगा उघडतात, त्या सरळ दिसतात. साखळीची कडी न कडी बघा, टोकं बोथट झालीत का बघा, आणि तुमचा बूट घालूनच स्पाइक चढवून बघा. माझा बूट फरीमुळं इतका जाडजूड की मिडियमचं रबर वीतभर जास्त ताणलं गेलं. दुकानातला पोरगा म्हणाला चालतंय भैय्या. नाही चाललं.

मावसभावाची गोष्ट वेगळीच. त्याचा बूट चांगल्या कंपनीचा, महागाचा, सहा वर्षांपूर्वी घेतलेला आणि दोनदाच वापरलेला, म्हणून तो निर्धास्त. दुसऱ्या दिवशी बेस कॅम्पच्या वाटेवर उजव्या पायाचं सोल पुढून उघडलं, तासाभरात पूर्ण सुटून लोंबायला लागलं. आत बघितलं तर मधला थर भिजलेल्या बिस्किटासारखा, बोटानं दाबला की चुरा. हा दोष न वापरता ठेवल्याचा आहे. सोलच्या वरचा जो मऊ थर असतो तो बऱ्याच बुटांत पॉलियुरेथेनचा असतो, हवेतल्या ओलाव्यानं तो वर्षानुवर्षं आतल्या आत तुटत जातो. आणि आपल्याकडचा पावसाळा! चार महिने भिंतींना बुरशी येते तिथं माळ्यावर पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटाचं काय होणार. त्यानं दोन दिवस सुतळी आणि टेप गुंडाळून काढले. तेव्हा जुना बूट नेणार असाल तर महिनाभर आधी काढा, हातानं जोर लावून वाकवा, वैजनाथच्या डोंगरावर दोन रविवार घालून फिरा. सुटायचा असेल तर इथंच सुटू दे.

समिटबद्दल सगळेच लिहितात. पहाटे तीनला निघालो, वर पोचलो तेव्हा उजाडलं, स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ समोर, डोळ्यात पाणी आलं, एवढं बास.

आता तो उतार. बेस कॅम्पवर येऊन चहा पिऊन खाली तालाबाकडं निघालो तेव्हा साडेअकरा वाजून गेले असतील. सगळ्यांना वाटतं की अवघड ते वरचं, ते झालं म्हणजे सुटलो. खोटं आहे. वरचा बर्फ पहाटे कडक असतो, स्पाइक त्याच्यात कचकन रुततं, आणि सगळे सावध असतात. खाली झाडीत जी वाट आहे ती जेमतेम दोन फूट रुंद, शेकडो लोकांच्या पायानं दाबून दाबून घट्ट झालेली, दिवसा थोडी वितळते, रात्री परत गोठते, असं रोज. काच. खालचं पान दिसतं त्यातनं. आणि दुपारी थंडी शून्याच्या जवळ आली की त्या काचेवर पाण्याचा पातळ थर येतो, तेव्हा तो बर्फ सगळ्यात जास्त घसरतो. खूप थंडीतला बर्फ त्यामानानं बरा. हे उलटं वाटतं, पण बरोबर दुपारीच आमच्यासारखी थकलेली माणसं तिथं येतात.

तिथं एका वळणावर माझ्या उजव्या पायाचं स्पाइकचं रबर फट्कन तुटलं. पाय निसटला, मी बसलो तसाच सात-आठ फूट घसरत जाऊन एका झाडाच्या बुंध्याला अडलो. अंगठ्याचं नख तिथंच गेलं. पुढची वाट साधारण अर्धा किलोमीटर, एका पायात स्पाइक, दुसऱ्यात तो गुळगुळीत सोलचा बूट. त्या सोलला खाचा होत्या, पण थंडीत प्लास्टिक इतकं कडक झालेलं की खाचा असून नसून सारख्याच. खाच मातीत आणि मऊ बर्फात रुतते, काचेत काय रुतणार. अर्धा किलोमीटरला मला तासाच्या वर लागला. डाव्या पायावर सगळा भार, मांडी थरथरत होती, आणि शेजारी दरी नसली तरी उतार एवढा की घसरलो तर कुठं थांबणार ते दिसत नव्हतं.

आमचा लोकल गाइड मागं आला, बघितलं, आणि म्हणाला मोजा आहे का लोकरीचा जादा, काढ. मला वाटलं ओला मोजा बदलायला सांगतोय. त्यानं तो मोजा माझ्या बुटाच्या वरनं चढवला, बाहेरून, टाचेपर्यंत ओढून सुतळीनं बांधला. पहिलं पाऊल टाकलं तर लोकर बर्फाला चिकटल्यासारखी धरली. खरंच धरली! वेगानं नाही, पण न घसरता तालाबापर्यंत उतरलो. घरी येऊन शोधलं तर न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या लोकांनी डुनेडिनच्या गोठलेल्या चढ-उताराच्या रस्त्यांवर हेच तपासून बघितलंय, बुटावरून मोजे घालणाऱ्यांची पकड चांगली निघाली, २०१० साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, पण मिळालं. लोकांनी हसण्यावारी नेलं असेल, मी नाही नेणार. एक जुना जाड लोकरीचा मोजा वरच्या खिशात ठेवा. दिवसभर टिकत नाही, फाटतो, पण वेळ निभते.

आता काय घ्यायचं ते. गुळगुळीत कडक बर्फावर कुठलाही साधा रबरी सोल भरवशाचा नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. तिथं स्टील लागतं, म्हणजे मायक्रोस्पाइक. बुटावर पिवळा अष्टकोनी व्हिब्राम या सोल बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का असला तरी त्याच कंपनीचं बर्फासाठीचं सोल वेगळं असतं, आर्क्टिक ग्रिप नावाचं, नुसता शिक्का बघून भुलू नका. तसं ती कंपनी उभीच राहिली ती असल्या दुःखातनं, १९३५ साली इटलीत डोंगरावर तिचा संस्थापक विताले ब्रामानी याचे सहा सोबती दगावले, पायातले बूट त्या थंडीला पुरे पडले नाहीत, त्यानंतर १९३७ ला त्यानं खोल खाचांचं रबरी सोल आणलं. सोल रबराचं पाहिजे आणि थंडीत मऊ राहणारं पाहिजे. मी आता बूट पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी नख रुतवून बघतो. आईनं आरडाओरडा केला, पण माझा जुना बूट लाकूड झालेला निघाला आणि नवा बऱ्यापैकी वाकला. दुकानदार तुम्हाला हे करू देणार नाही, म्हणून परत घेणाऱ्या ठिकाणीच घ्या.

वॉटरप्रूफ म्हणजे आत पडदा असलेला, गोअर-टेक्स किंवा तसला, जो पाणी अडवतो आणि वाफ सोडतो. आणि बुटाची जीभ, म्हणजे लेसखालची पट्टी, दोन्ही बाजूंनी शिवलेली पाहिजे, नाहीतर लेसच्या फटीतनं पाणी येतं. घोट्याच्या वरपर्यंत बूट, त्यावर गेटर, कारण बर्फ वरनंच आत पडतो आणि मग पडदा काही करू शकत नाही. फर नको. चालताना पाय गरमच असतो, गार पडतो तो ओला झाल्यावर आणि बूट घट्ट असल्यावर. दोन-दोन मोजे कोंबलेत की रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर, आमच्यातल्या एकाला चौथ्या दिवसापर्यंत करंगळी कळत नव्हती. उणे वीस, उणे तीस हे आकडे ज्याची ती कंपनी आपल्या पद्धतीनं छापते, त्यावर जाऊ नका. बूट संध्याकाळी घाला, पाय सुजलेला असतो, जाड मोजा घालून, आणि दुकानात जिन्यावरून चारदा खाली उतरा. बोट पुढं टेकलं तर नको.

रात्री आतलं सोल आणि मोजे स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपा. शेकोटीजवळ बूट कधीच ठेवू नका, डिंक सुटतो.

ट्रेकिंगच्या साध्या चांगल्या बुटाला आता ५,००० ते ७,००० जातात, मी तेवढे घालून घेतला. स्पाइक स्वतःचे घेतले, भाड्याच्या दोन ट्रिपमध्ये पैसे वसूल होतात. बूट नऊ नंबरचा असेल आणि पुढच्या महिन्यात कुणी जाणार असेल तर माझे स्पाइक वडगावात येऊन घेऊन जा, रबर ताणून दाखवतो, भाडं नको. फक्त परत देताना पुसून, कोरडे करून द्या, नाहीतर इथल्या हवेत साखळीला गंज चढतो.