अख्ख्या देशाला सोयर

मुलीचं बाळंतपण ऐन डिसेंबरात, तेही इंग्लंडमध्ये, म्हटल्यावर आमच्याकडे पहिली चर्चा थंडीची झाली, दुसरी अळिवाची आणि तिसरी म्हणजे माझं तिकडे काय काम, ती अजून चालूच आहे. आजीचं काम ठरलेलं असतं. आजोबांना बॅगा उचलायला नेतात. तर माझ्या वाट्याच्या बॅगेत अळीव, डिंक, बाळंतशेपा, जुन्या सुती साड्यांची दुपटी, कानाला बांधायची टोपडी आणि डोकं गोल व्हावं म्हणून खास शिवलेली मोहरीची उशी, असा सगळा ऐवज घेऊन आम्ही लंडनच्या पश्चिमेला रेडिंगला पोचलो.

अळीव तिकडे अगदी परका नाही हं. तिथली शाळेतली पोरं ओल्या कापसावर क्रेस म्हणून जे उगवतात तो आपला अळीवच, त्याची कोवळी रोपं कापून अंड्याच्या सँडविचमध्ये घालतात, म्हणजे ते पाला खातात आणि आपण बी. हे मी मोठ्या उत्साहाने जावयाला सांगितलं तर तो हळूच म्हणाला, बाबा, मग आईंना सांगून लाडवांऐवजी सँडविच चालेल का बघा ना. मी काही सांगितलं नाही. मला अजून त्या घरात राहायचं होतं.

बाळ नाताळच्या थोडंच आधी आलं. जावयाला बाप झाल्याची दोन आठवड्यांची रजा, तिला लागून नाताळची सुट्टी, त्यामुळे माणसं भरपूर आणि झोप कुणालाच नाही अशी घराची अवस्था. चोवीस तारखेला मला नॅपी आणायला पिटाळलं, आणि भरपूर आणा बाबा, उद्या काही मिळणार नाही, असं बजावून. मला वाटलं पोरगी घाबरलीय, एवढा मोठा देश, एक दिवस काय बंद असणार. पण खरंच सगळं बंद! २५ तारखेला तिकडे रेल्वे धावत नाही, लंडनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, नाही, बस जवळजवळ नाहीच, आणि मोठी दुकानं तर कायद्यानेच बंद, २००४ साली तसा कायदा केलाय, २८० चौरस मीटरच्या वरचं दुकान नाताळच्या दिवशी उघडायचंच नाही. कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं ठेवायला हरकत नाही, पण त्याच्याकडे आपल्या मापाची नॅपी असेलच असं नाही. सकाळी दुधाची बाटली गरम करता करता खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मला एकदम वाटलं की अख्ख्या देशाला सोयर लागलंय. कुणी बाहेर पडायचं नाही, कुणी कामाला हात लावायचा नाही, घरातल्या घरात खायचं आणि झोपायचं. आमच्याकडे तर हे आधीपासून चालूच होतं, त्या दिवशी फक्त बाकीचा देश आमच्या वेळापत्रकावर आला.

जावयाने हौसेने क्रॅकर्स आणले होते, म्हणजे ती दोघांनी दोन टोकं धरून ओढायची कागदी नळकांडी, ओढली की फट्ट आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट आणि एक रद्दी विनोद निघतो. पण बाळ नुकतंच झोपलेलं. मग काय, चार मोठी माणसं टेबलाभोवती बसून कात्रीने क्रॅकर कापत होती, मुकुट काढून डोक्यावर घातले आणि विनोद कुजबुजत वाचले (कुजबुजून वाचले तर जास्त बरे वाटतात). दुपारी तीनला टीव्हीवर राजाचं भाषण, १९३२ साली पाचव्या जॉर्जने रेडिओवरून सुरू केलेली पद्धत, तेही आम्ही आवाज बंद करून खालच्या अक्षरांवर बघितलं. चारच्या सुमाराला सूर्य मावळला सुद्धा, आणि बाळाला काय, दिवस आणि रात्र सारखीच.

समोरच्या घराच्या खिडकीत त्यांनी गोठ्याचा देखावा मांडला होता. गाय, गाढव, गव्हाणीत बाळ. बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत मी तो बराच वेळ बघत उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गोष्टीकडे बाळंतपण म्हणून बघितलं. परगावी, लॉजमध्ये जागा नाही, जवळ आई नाही, सासू नाही, सुईण आली की नाही त्याचा कुठे उल्लेख नाही, आणि भेटायला कोण तर मेंढपाळ आणि लांबून पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष. (ते तीन होते असं बायबलात म्हटलेलं नाही, भेटवस्तू तीन म्हणून माणसं तीन धरली.) आणि आणलं काय त्यांनी, तर सोनं, धूप आणि गंधरस. आता गंधरस म्हणजे आपला हिराबोळ, आपल्या बाळंतिणीच्या औषधात असतो तोच. धूप धुरीला. सोनं बाळाला. हा तर चक्क बाळंतविडा झाला! मी हे बायकोला सांगितलं तर ती मुकुट सारखा करत म्हणाली, पुरुषांना हे सुचणार नाही, त्यांच्याबरोबर एखादी म्हातारी असणारच, लिहायची राहिली असेल.

आमच्याकडे मात्र धुरीला बंदी. एक कारण डॉक्टरी, दुसरं कारण छतावरचा स्मोक अलार्म, आणि खरी भीती दुसऱ्याचीच. मोहरीची उशी बॅगेतून बाहेर आलीच नाही कारण तिकडे बाळाला उशीच द्यायची नाही, उताणं झोपवायचं, अंगावर सुटं पांघरूण नको, खोलीचं तापमान १६ ते २० अंश. आणि घरात झोपताना टोपडं अजिबात नाही, बाळं डोक्यातून उष्णता सोडतात म्हणे. यावर घरात जे झालं ते मी लिहित नाही. पण मुलीचं बरोबर होतं हे मी इथे लिहून ठेवतो, कारण घरी बोलायची सोय नाही. १९९१ मध्ये तिकडे बाळांना उताणं झोपवा अशी मोठी मोहीम झाली आणि पाळण्यातच दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण खूप खाली आलं, आता यापुढे आमच्या वेळी असं नव्हतं, आमच्या वेळी तसं नव्हतं, याला काही अर्थ राहत नाही. बायकोचं म्हणणं एकच, बाहेर बर्फगार वारा आणि लेकराचे कान उघडे.

बारसं फोनवरच झालं. आत्या पुण्यात, साडेपाच तास पुढे, तिकडे दुपार कलंडलेली आणि आमचा अजून सकाळचा चहा व्हायचा. फोन बाळाच्या कानाशी धरला आणि तिने कुर्रर्र केलं, ते स्पीकरवर असल्यामुळे बाळाआधी आम्हीच दचकलो. सरकारदरबारी नाव नोंदवायला मात्र ४२ दिवसांची मुदत असते, आणि सुट्ट्यांमुळे अपॉइंटमेंट जानेवारीतली, तोपर्यंत दवाखान्याच्या कागदांवर लेकरू आईच्या आडनावाचं बेबी एवढंच.

सुट्ट्या संपल्यावर हेल्थ व्हिजिटर यायची होती, बाळाचं वजन करायला, आईची चौकशी करायला आणि एकूण घर बघायला. बेल वाजली तशी बायको विजेच्या वेगाने उठली, बाळाच्या डोक्यावरचं टोपडं काढलं आणि सोफ्याच्या उशीमागे सारलं. त्या बाईंनी वजन केलं, लाल वहीत लिहिलं, खोलीतला थर्मामीटर बघितला, १९, व्हेरी गुड म्हणाल्या आणि नेमक्या त्याच उशीला टेकून बसल्या. अर्धा तास बसल्या होत्या, आणि तेवढा वेळ बायको त्यांना अळिवाचा लाडू घ्या, अजून एक घ्या, असा आग्रह करत होती.