'मेकर'च्या रकान्यात काय लिहू?

शुक्रवारी रात्रीची जेवणं उरकली आणि आयोजक बाईंनी माझ्या हातात पोस्टकार्डाएवढा एक कागद ठेवला. रविवारी सगळ्यांची क्विल्ट्स, म्हणजे इकडच्या गोधड्या, भिंतीवर लागणार, त्याआधी प्रत्येकीनं तो भरून द्यायचा. रकाने चार. क्विल्टचं नाव. मेकर, म्हणजे जिनं केलं तिचं नाव. क्विल्टिंग, म्हणजे थर एकत्र शिवायचं काम, दुसऱ्या कुणी केलं असेल तर तिचं. गाव आणि साल. "उद्या नाश्त्याच्या आधी द्या हं," असं गोड हसून बाई कॉफीकडे वळल्या.

साल येत होतं. गाव तर येतच होतं, सांगली. बाकीच्या रकान्यांपुढे मी पेन उघडून तशीच बसले.

पण आधी रस्ता, नाहीतर सातारकर रागावेल. सातारकर म्हणजे माझी मैत्रीण. तिनं ब्लॉगवर नाव घालायला बंदी केलीय, म्हणून गावावरूनच हाक. शिकागोजवळच्या नेपरविलला आम्ही दोन इमारती सोडून राहतो. गेल्या वर्षी इथल्या लायब्ररीत मी गोधडीवर तासभर बोलले होते, ते ऐकून कुणीतरी हे आमंत्रण धाडलं: केंटकीत, पडुका गावाजवळ तळ्याकाठी तीन दिवसांचं क्विल्टिंग रिट्रीट, त्यात दोन दिवस हातशिलाई शिकवायची. सातारकरला सुईत दोरा ओवता येतो, एवढ्या भांडवलावर ती माझी सहशिक्षिका झाली. शिवाय गाडी तिची.

सहाशे किलोमीटर. सांगली-पुणे अडीच वेळा, आणि वाटेत खंबाटकीसारखा एक घाट असेल तर शपथ. आय-५७ हायवे इलिनॉयच्या पोटातून सरळ खाली जातो. ऑक्टोबर होता, मक्याची कापणी चाललेली, दोन्हीकडे नुसती धूळ. एफिंगहॅमला १९८ फुटी पांढरा क्रूस लागतो, त्याच्याकडे बघत आम्ही भडंग संपवलं. सातारकरनं कंदी पेढे आणले होते, पण ते 'शिकवून झाल्यावर' अशा अटीवर डिकीत. घोंगडी श्रेष्ठ की वाकळ, म्हणजे आमच्याकडची गोधडी, हा वाद मेट्रोपोलिसच्या सुपरमॅनच्या पुतळ्यापर्यंत पुरला. "म्हसवडचं घोंगडं पावसात घेऊन उभी राहा, आणि तुझी ती वाकळ घेऊन उभी राहा, मग बोल," हे तिचं म्हणणं. यावर उत्तर नाही, कारण भिजलेली वाकळ काय असते हे मला माहीत आहे.

पडुकात शिरताना ओहायो नदी लागली आणि मी गप्प झाले. १९३७ मध्ये या नदीला महापूर आला, त्यानंतर गावाला पूरभिंत घातली, आणि आता त्या भिंतीवर गावाचा सगळा इतिहास चितारलाय. आम्ही उतरून हात लावून आलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आजीच्या घरात तळमजला बुडाला. पाणी उतरल्यावर भावानं आणि शेजारच्या मुलानं मिळून एक वाकळ उचलायचा प्रयत्न केला. उचलली नाही. चिखल पिऊन दगड झालेली. शेवटी विळीनं कापून तुकड्यातुकड्यानं बाहेर काढली. माळ्यावरच्या ट्रंकेत आजीची लुगडी मात्र कोरडी राहिली होती. पडुकाला नेलेली वाकळ त्याच लुगड्यांची.

गावात क्विल्टचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, १९९१ पासूनचं, आणि युनेस्कोनं २०१३ मध्ये या गावाला हस्तकलेचं गाव म्हणून मान दिलाय. आत एकेक काम असं की डोळे फिरावेत. इंचात दहा-बारा टाके, सुई गेली कुठून आणि आली कुठून कळत नाही. पण हात लावायचा नाही. ज्याच्याखाली कधी कुणी झोपलं नाही असं पांघरूण भिंतीवर टांगून त्याला दिवे लावायचे, हे मला काही केल्या पटत नव्हतं. सातारकर म्हणाली, "पैठणी तरी कोण रोज नेसतं?" तेही खरंच.

आता माझी खरी तक्रार. रिट्रीटच्या दोन महिने आधी त्यांनी सामानाची यादी मागितली. मी लिहिलं: जुन्या सुती साड्या, चादरी, नवऱ्याचे विटलेले शर्ट. उलट मेल आली की कापड नवं की जुनं, शंभर टक्के सुती का, आधी धुतलेलं का, किती यार्ड, किती फॅट क्वार्टर. फॅट क्वार्टर म्हणजे अठरा बाय बावीस इंचाचा तुकडा, दुकानात रिबीन बांधून मिळतो, मिठाईसारखा. या बायका नवंकोरं कापड आणतात, धुतात, कडक इस्त्री करतात, पिझ्झा कापायच्या चाकासारख्या गोल सुरीनं त्याचे चौकोन पाडतात आणि मग तेच चौकोन पाव इंच शिवण धरून पुन्हा एकमेकांना जोडतात! अख्खं कापड होतंच की आधी. आजी असती तर तिनं कपाळावर हात मारून घेतला असता. आमच्याकडे नव्या कापडाला कात्री लावताना आजही आई 'थांब जरा' म्हणते. वाकळीत कापड येतं ते आयुष्य जगून येतं. आधी साडी, मग परकर, मग दुपटं, मग पायपुसणं व्हायच्या बेतात असताना कुणीतरी म्हणतं, ठेव गं, वाकळीला होईल. आणि इथं एकेकीकडे कापडाचं कपाट, त्याला नाव 'स्टॅश'. मी हे सगळं सातारकरला दोनशे मैल ऐकवलं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या कपाटात साड्या किती आहेत गं?"

आणि रागवायला तरी कारण कुठं उरलं? पहिल्याच दिवशी एक आजीबाई सांगत होत्या, मंदीच्या काळात त्यांच्या आईनं कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांची क्विल्ट्स शिवली. कंपन्या तेव्हा मुद्दाम फुलाफुलांच्या कापडाची पोती काढत. म्हणजे यांचंही मूळ ठिगळातच. माझ्या तक्रारीतली हवाच गेली.

शिकवणं मात्र छान झालं. पहिल्या तासात 'ओह, कांथा!' किमान अकरा वेळा ऐकलं. कांथा ही बंगालची गोधडी, देखणी असते, माझं तिच्याशी वैर नाही. दोघीतिघींना कवंदी माहीत होती, बेळगावच्या खाली हल्याळ-यल्लापूरकडच्या, मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दी समाजातल्या बायकांची गोधडी. वाकळ कुणालाच नाही. मग टेबलं बाजूला सारायला लावली, सगळ्यांना जमिनीवर बसवलं (गुडघे दुखणाऱ्या सहाजणी खुर्चीवर), थर अंथरले, कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्याऐवजी बीन्सचे डबे ठेवले. कडा आत दुमडायच्या, एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू करायचा, कडेकडेनं पूर्ण फेरा, मग आतला फेरा, असं मध्यावर पोचायचं. दोन फेऱ्यांत अंतर किती? मी म्हटलं, बोटभर. शांतता. मग एकीनं पट्टी आणून माझं बोट मोजलं. पाऊण इंच. बावीसजणींनी वहीत लिहून घेतलं. त्या लॉजवर माझं बोट आता प्रमाण माप आहे.

आणि मग तो कागद.

झालं असं की वाकळ मी शिवलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात सांगलीला गेले तेव्हा पिठाच्या गिरणीमागच्या मावशींकडून शिवून घेतली. आठ दुपारी त्यांच्याजवळ मारुतीच्या देवळाच्या फरशीवर बसले, बघितलं, विचारलं, दोन फेरे स्वतः घातले. ते दोन्ही त्यांनी माझ्यादेखत उसवून पुन्हा घातले. जे काही मी केंटकीत शिकवत होते ते त्या आठ दुपारींचं. आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

फोन काढून बघितला. 'गॅस सिलिंडर'च्या खाली 'गोधडी मावशी'. पैसे फोनवरून दिले होते, तर तिथं नातवाचं नाव, खातं त्याचं.

सातारकर म्हणाली, "तुझं टाक की. लुगडी तुझ्या आजीची, दोन फेरे तुझे. कोण बघायला येतंय?" मी खोटं सांगत नाही, अर्धा मिनिट पटलं मला. आमच्याकडे वाकळीवर नाव घालतच नाहीत, हेही मनात घोळवून झालं. पांघरूण आहे, तैलचित्र नव्हे. पोळीवर कोण सही करतं?

तेवढ्यात त्याच आजीबाईंनी विषय काढला, अलाबामातल्या जीज बेंडचा. तिथल्या काळ्या बायकांनी कामाचे फाटके कपडे जोडून क्विल्ट्स केली. २००२ मध्ये ती ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागली, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आली, आणि प्रत्येकीखाली करणारीचं नाव. पुढे पैशांवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या, असं त्या म्हणाल्या. त्यावर मी चहा घ्यायला उठले.

नऊ वाजले होते, म्हणजे सांगलीत सकाळचे साडेसात. आईला फोन लावला.

"नाव? अगं गिरणीमागच्या मावशी म्हणतो की आपण."

"ते नाव नव्हे ना आई."

"वीस वर्षं येतात घरी…" आई थांबली. मग म्हणाली, "थांब, दूध उतरवते आणि जाऊनच येते."

तासाभरानं फोन आला तो थेट मावशींच्या हातात.

"काय गं, उसवलं काय कुठं?"

"नाही हो मावशी."

"उसवलं आसंल तर दे लावून, टाका घालून दीन. पैसं न्हाई घ्यायची."

मी त्यांना समजावलं, भिंतीवर लावणार आहेत, खाली नाव लिहायचंय. पलीकडे बराच वेळ काही नाही. मागे गिरणीचा पट्टा चालू झाल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "म्हायेरचं लिवलं तर चालंल का? लग्नात बदाललं. ह्यांनी ठेवल्यालं ते नगं, आदीचं लिव." आणि त्यांनी ते सांगितलं, सावकाश, बापाच्या नावासकट. शेजारी आई उभी होती, ती 'अगो बाई' म्हणाली. तिलाही पहिल्यांदाच कळत होतं.

"आन त्या कापडावरच लिव. मोबाईलवर नगं टाकूस."

म्हणून इथं टाकत नाही. कापडाच्या पट्टीवर न पुसणाऱ्या पेननं देवनागरीत लिहिलं, आयोजक बाईंच्या आग्रहाखातर खाली रोमनमध्ये, आणि मागच्या कोपऱ्यात चार टाके घालून ती पट्टी लावली. क्विल्टच्या नावाच्या रकान्यात 'वाकळ' लिहून मोकळी झाले.

पण फोन तिथं संपला नव्हता. नाव सांगून झाल्यावर मावशी मोकळ्या झाल्या. पाऊस विचारला, थंडी विचारली, पोरं काय खातात ते विचारलं. मग म्हणाल्या, "तितल्या बायका शिकत्यात म्हनं तुझ्याकडनं. किती घेतीस?"

दोन दिवसांचे चारशे डॉलर. पेट्रोल, दोन दिवसांची रजा, लॉजचं निम्मं भाडं वजा जाता फार उरत नाही, आणि ते सातारकरबरोबर वाटून घ्यायचे, हा सगळा हिशेब माझ्याकडे तयार होता. मावशींना शिलाईचे नऊशे दिले होते, वर शंभर, आणि चॉकलेटचा डबा.

"आवाज तुटतोय मावशी," मी म्हटलं. "हॅलो? हॅलो?"

समोरच्या खुर्चीवर बसून सातारकर ऐकत होती. ती काही बोलली नाही. उठून गाडीकडे गेली आणि डिकीतनं पेढ्यांचा डबा घेऊन आली.