वरची वाशिष्ठी, खालची वाशिष्ठी

माझं माहेर दसपटीत, म्हणजे चिपळूणच्या वरच्या डोंगराळ भागात, सासर चिपळुणात. नदी दोन्हीकडे एकच, वाशिष्ठी. मे महिन्यात माहेरी गेले की आई हमखास विचारते, "खाली पाणी कसं काय गं?" मला उत्तर द्यायला जड जातं. कारण वर वाडीपाशी मार्चपासून पात्रात नुसते गोटे, आणि खाली नदी वाहतेय.

खालची नदी उन्हाळ्यात वाहते ती कोयनेच्या जिवावर. धरण १९६४ साली झालं. घाटापलीकडचं, कृष्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज करतं, कोळकेवाडीच्या धरणात येतं, अलोऱ्याला पुन्हा वीज करतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. आम्ही त्याला अवजल म्हणतो. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी असं पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने मुभा दिलेली आहे. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरच्या वर. त्याच नदीवर चिपळूण पितं, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने चालतात. कारखान्यांना पाणी मिळू नये असं मी म्हणणार नाही, माझा धाकटा भाऊ तिथेच कामाला आहे. पण पंपाने उचलून, डोंगर चढवून कारखान्यापर्यंत पाणी नेता येतं, तर वाडीपर्यंत का नेता येत नाही?

वाडीत एप्रिलमध्ये टँकर येतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्याच गावात. उतार तीव्र, माती पातळ, पाणी थांबतच नाही. पऱ्ये, म्हणजे डोंगरातले ओढे, दिवाळीपर्यंत वाहतात, मग हळूहळू आटतात.

म्हणून आम्ही दरवर्षी डिसेंबरात पऱ्याला बंधारा घालतो. युरियाच्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, सुतळीने तोंडं शिवायची, विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे. फटींत चिकणमाती पायाने तुडवून बसवायची, हे काम बायकांचं. गेल्या डिसेंबरात गुडघाभर गार पाण्यात उभी राहून मीही तुडवली. दुपारी शेवटची गोण बसली आणि पाणी अडलं. आधी नुसतं गढूळ, मग हळूहळू वर चढत दगडांच्या खाचा भरायला लागलं. आई काठावर बसून बघत होती. आठवड्याभरात विहिरीच्या दोन पायऱ्या पाण्याखाली गेल्या.

त्या ओलाव्यावर आईने भात काढलेल्या खाचरात कुळीथ आणि पावटा केला, कडेला थोडी मिरची, वांगी. फार नाही, घरापुरतं आणि दोन पायली कुळीथ माझ्याकडे आला. पण फेब्रुवारीत हिरवं शिवार बघून परसदारी बसलेल्या आईचा चेहरा वेगळाच असतो.

मोठ्या धरणाचं नाव काढलं की वाडीतली माणसं गप्प होतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्याचं धरण फुटलं, घरंच्या घरं वाहून गेली. आमच्या ओळखीची माणसं त्यात होती. तेव्हापासून मला गोण्यांचा बंधाराच जवळचा वाटतो. पहिल्या पुरात तो वाहून जातो, कुणाचा जीव घेत नाही.

खाली खाडीचंही दुखणं आहे. माझी मैत्रीण वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीच्या काठची, भोईवाडीतली. तिच्या वडिलांच्या जाळ्यात पूर्वी एका भरतीला टोपली भरायची. आता मासे कमी, आणि कधीकधी मेलेले मासे काठाला लागतात. पाण्यात काय सोडलं गेलं ते त्यांना कुणी सांगत नाही. भोई मंडळी याविरुद्ध वर्षानुवर्षं अर्ज करतायत.

अवजल मुंबईला न्यायची चर्चा तर मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. मुंबईला तहान आहे हे खरं. पण पाणी जिथे उतरतं तिथून घागर घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईची तहान आधी भागू दे. दसपटीसाठी आणि खोऱ्यातल्या प्रत्येक उंच वाडीसाठी उपसा योजना करा, पऱ्यांवर छोटे पक्के बंधारे बांधा. वीज तर तिथेच तयार होते.

परवा आईचा फोन आला होता. या वर्षीच्या बंधाऱ्यासाठी तिने गोण्या जमवायला सुरुवात केलीय. धुऊन, वाळवून माळ्यावर टाकल्यात. सदुसष्ट झाल्या म्हणाली. गेल्या वेळी नव्वद लागल्या होत्या.