"सहा महिन्यांची झाली की आणा" असं मीच म्हटलं होतं

एप्रिलमधली गोष्ट आहे, सकाळी साडेनऊलाच सांगलीच्या विश्रामबागेत ऊन असलं तापलेलं की माझ्या जनावरांच्या दवाखान्याचं शटर वर ढकलताना हाताला चटका बसला. पहिलीच केस काकूंची. भाजीच्या दोन जाळीच्या प्लास्टिक बास्केट एकमेकींवर उपड्या घालून सुतळीनं बांधलेल्या आणि आत हळदी. पांढरी मांजर, पाठीवर पिवळी-केशरी ठिगळं. काका मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी होते, ते गेल्यावर वर्षभरानं हे पिल्लू काकूंच्या जिन्यात येऊन बसलं आणि काकूंनी तेच नाव ठेवलं. मुलगा टेक्सासला, घरात काकू आणि ही.

काकूंच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. मला आधी वाटलं पडल्या की काय. तर म्हणाल्या, "नाही हो मॅडम, हिनंच ओरबाडलंय काल. पाऊण तास दाबून धरलं तरी रक्त थांबेना." काकूंची हार्टची व्हॉल्व्ह बदललेली आहे, रक्त पातळ राहायची गोळी कायम चालू, त्यामुळे आपल्याला जे नुसतं खरचटणं असतं ते त्यांना दवाखान्यात नेतं. पुढचं वाक्य मात्र मला सांगलीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकायला मिळालं, "तुम्ही काय ते इंजेक्शन द्या पण हिची नखं कायमची काढून टाका. तिकडं काढतात म्हणे, लेकानं त्याच्या मांजराची काढलीत."

मी आधी हाताचं विचारलं, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली का, डॉक्टरांना दाखवली का. दाखवली होती. हळदीला रेबीजची लस मीच दिलेली, तरी हे विचारायचं मी सोडत नाही. तोवर काकूंनी लेकाला व्हिडिओ कॉल लावलापण, तिकडं रात्रीचे अकरा वाजलेले. पोरगा चांगला आहे, आईच्या काळजीनं बोलत होता. त्यानं तिकडं मांजर घेतली तेव्हा घरमालकाची अटच होती की नखं काढलेली असली पाहिजेत म्हणून, तर त्यानं काढून घेतली, आणि नक्की काय काढलं हे त्याला कुणी नीट सांगितलंच नसावं असं मला वाटलं.

म्हणून मी हळदीचा पुढचा पंजा हातात घेतला, बोटाची गादी खालून हलकी दाबली, नख बाहेर आलं, आणि काकूंना म्हटलं आता इथं बोट लावून बघा, नुसतं नख पुढं येतंय का त्याच्यासोबत एक बारीक हाड पण सरकतंय. काकूंनी चाचपलं आणि म्हणाल्या, "हाडच आहे की हो." तर मांजराचं नख त्या हाडातूनच उगवतं, नुसतं नख उपटलं तर परत येतं, त्यामुळे ते कायमचं घालवायचं म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड सांध्यातून तोडून काढायचं. पुढच्या दोन पायांची मिळून दहा बोटं. नंतर ती मांजर जन्मभर त्या कापलेल्या टोकांवर वजन टाकून चालते, काही जणींची पाठ दुखायला लागते, वाळूत पाय रुततो तेव्हा दुखतं म्हणून वाळू सोडून गादीवर शी-शू करतात आणि नखं नाहीत म्हणून दात चालवायला लागतात. हे शेवटचं काकूंच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट, कारण मांजराचा चावा बारीक पण खोल जातो आणि त्यात पू होतो. मालकाची रोगप्रतिकारशक्ती फार कमी असली तरी अमेरिकेतली सीडीसी ही आरोग्य संस्थासुद्धा मांजराची नखं काढायचा सल्ला देत नाही. लेकाला मी सांगितलं की न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून यावर बंदी आहे, आणि तुमच्याच टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं पण २०२१ ला बंद केलंय. तो गप्पच झाला. मग हळू आवाजात विचारलं, "म्हणजे आमच्या मांजराला आता त्रास होत असेल का?" मी म्हटलं चालताना पाय झटकते का, उडी मारायला बिचकते का ते बघ आणि तिकडच्या डॉक्टरला दुखण्याबद्दल स्पष्ट विचार, त्यावर औषधं आहेत.

आपल्याकडं विनाकारण प्राण्याचा अवयव छाटणं १९६० च्या कायद्यानं गुन्हाच आहे, आणि कायदा नसता तरी मी केलं नसतं.

मग म्हटलं चला नखांची टोकं तरी कापून देते. आमच्या मदतनीस पोरानं हळदीला टॉवेलात गुंडाळलं, मी तिला जरा वर उचलायला पोटाखाली हात घातला आणि हात तिथंच थांबला. पोट टणक, आत वेगवेगळ्या गाठी, एक हललीपण. स्तनाग्रं गुलाबी फुगलेली. काकूंना वाटत होतं दहीभात खाऊन सुटलीय.

मी विचारलं काल नक्की काय झालं तेव्हा ओरबाडलं. तर म्हणाल्या, दोन दिवस झाले सारखी काकांच्या कपाटात घुसते, त्यांचे कोट ठेवलेत त्या खालच्या खणात, सगळं पायानं उकरते, तर मी ओढून बाहेर काढायला गेले. म्हणजे ती बाळंतपणाची जागा करत होती आणि काकू तिला तिथून ओढत होत्या. जी मांजर सहा महिने काकूंच्या मांडीवर झोपली तिनं काल पहिल्यांदा नख मारलं ते यासाठी. त्या तक्रार घेऊन आल्या नखांची आणि मूळ होतं माझ्या फाईलमध्ये.

कारण डिसेंबरअखेर ती तीन महिन्यांची असताना लसीला आली होती तेव्हा काकूंनी स्वतःहून विचारलं होतं, हिचं नसबंदीचं ऑपरेशन कधी करायचं? आणि मी कार्डावर न लिहिता तोंडी सांगितलं, "सहा-सात महिन्यांची झाली की आणा." फेब्रुवारीत त्यांचा रात्री दहाला फोन, मांजर लोळतीय, विव्हळतीय, शेपूट एका बाजूला धरतीय, पोटात दुखतंय का कुणी काही खायला घातलंय? मी म्हटलं काकू दुखत नाही, माजावर आलीय, चार-पाच दिवस दारं लावून घ्या, मग बघू. साडेचार महिन्यांचं पोर! त्याच वेळी घेऊन या म्हणायला हवं होतं, माजावर असताना पण ऑपरेशन होतं, रक्तवाहिन्या जरा फुगलेल्या असतात एवढंच. मी "मग बघू" म्हटलं आणि तिसऱ्या रात्री गॅलरीचं दार उघडं राहिलं. एक रात्र बाहेर होती फक्त. पण मांजराचं गाई-म्हशीसारखं नसतं, बोका आल्यावरच बीज सुटतं, त्यामुळे एक रात्र बहुतेक वेळा पुरते. तिथून नऊ आठवडे मोजले तर बरोबर याच आठवड्यात येत होतं.

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला शिकले, तिथं दिवसभर हात म्हशीच्या पोटात, मांजर त्या मानानं थोडीच. सहा महिने हा आकडा तेव्हापासून डोक्यात बसलेला, नंतर वाचनात आलं होतं की अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या गटानं २०१६ ला मांजराची नसबंदी पाच महिन्यांच्या आत करा असं सांगितलंय, ते पटलं पण होतं, पण ओपीडीत माणूस समोर आला की तोंडातून जुनंच निघतं. हे मला फार लागलं.

मी काकूंना तसं सांगितलं, की चूक माझी आहे, मी उशिराची वेळ दिली. त्या उलट मलाच समजावायला लागल्या, "जाऊ दे हो, एकदा तरी बाळंतपण होऊ दे की बिचारीचं, बाईचा जन्म आहे." हे वाक्य मी रोज ऐकते आणि ज्या मायेनं म्हणतात ती खरी असते, पण मांजराला पिल्लं झाल्यानं तब्येतीचा काही फायदा नाही, आणि हळदी तर स्वतःच सात महिन्यांची, वजन दोन किलो तीनशे. मी म्हटलं घरी न्या, कपाटाच्या त्याच खणात जुनी चादर घालून द्या, कळा सुरू झाल्या आणि अर्धा तास जोर करून पण पिल्लू आलं नाही तर लगेच फोन करा, दुसरा काही विचार करू नका.

फोन आला पावणेचारला. शेजारच्या मुलीच्या स्कूटरवर दोघी आल्या, हळदी त्याच बास्केटमध्ये, मागून एक बारीक पाय बाहेर आलेला आणि तपकिरी लाल पाणी. तासभर जोर करत होती. पिल्लू अडकलेलं, अशा वेळी कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं तर गर्भपिशवी फाटू शकते, त्यामुळे सिझर. काकूंना विचारलं की त्याच वेळी पिशवी आणि अंडाशय पण काढून टाकते, परत भूल नको, परत पोट फाडायला नको. त्यांचा एकच प्रश्न, "मग दूध येईल का हो पिल्लांना?" येतं. दूध अंडाशयावर अवलंबून नसतं, पिल्लं ओढत राहिली की येत राहतं.

आभाळ तेव्हाच भरून आलं. टेबलावर घेतलं, भूल दिली, पोटावरचे केस काढले आणि वळीव कोसळला, पत्र्यावर गारांचा आवाज इतका की मला हळदीचा श्वास ऐकू येईना, नुसता छातीवर डोळा. मग लाइट गेली. इन्व्हर्टरवर एक ट्यूब चालते, वरचा मोठा दिवा नाही, तर शेजारची मुलगी मोबाइलचा टॉर्च धरून स्टुलावर उभी राहिली आणि शेवटपर्यंत हात हलू दिला नाही. पिशवी बाहेर घेतली तेव्हा वाटाण्याच्या शेंगेसारखी, पाच महिन्यांच्या आतल्या मांजराची असते तर दोऱ्याएवढी असते ती, वाहिन्या बारीक, चरबी जवळपास नाही, छोटीशी चीर पुरते आणि पिल्लू संध्याकाळी खेळायला लागतं. इथं एकेक रक्तवाहिनी पेन्सिलीएवढी. मी चिमटे लावत होते आणि मनात डिसेंबर येत होता.

चार पिल्लं निघाली. अडकलेलं पहिलं गेलेलंच होतं. बाकी तीन एकेक करून टॉवेलात टाकली, नाकातोंडातलं पाणी ओढलं. मदतनीस दोन चोळत होता, तिसरं घ्यायला माणूस नाही, तर काकू बाहेरच्या बाकावरून उठून आत आल्या, पट्टीच्या हाताच्या ओंजळीत ते पिल्लू घेतलं आणि मऊ टॉवेलानं चोळायला लागल्या, एका लयीत, तान्ह्या बाळाला तेल लावावं तसं. मी म्हटलं पाठीवर जरा जोरानं काकू, रडलं पाहिजे. दोन-तीन मिनिटं काही नाही. मग सुईच्या टोकाएवढा आवाज आला. काकूंच्या डोळ्यातून पाणी, हात थांबला नाही.

पंच्याहत्तर, एक्याऐंशी आणि अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. कमी वजनाचीच, आई स्वतः वाढीतली असल्यावर कुठून येणार.

हळदी साडेसातला मान वर करून बसली. तिला लगेच घरी सोडली नाही, रात्री बाराला सगळी पिल्लं लागली हे बघून मग दिली. जाताना एकच गोष्ट तीनदा सांगितली, दुखतंय म्हणून घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी चुकून पण द्यायची नाही, मांजराला ती पचवता येत नाही, एका गोळीत जीव जातो. हे मी प्रत्येक ऑपरेशननंतर सांगते कारण माणसं प्रेमानंच देतात ती.

दहा दिवसांनी टाके बघायला आल्या तेव्हा सोबत भडंगाचा डबा आणि एक प्रश्न, नखांचं काय करायचं ते राहिलंच. मी टोकं कापून दाखवली, नखातला गुलाबी भाग सोडायचा, पुढचं पारदर्शक तेवढंच. काकूंनी स्वतः कापायची नाहीत, दर पंधरा दिवसांनी शेजारची मुलगी हळदीला घेऊन येते, दोन मिनिटांचं काम. आणि काकांच्या वेळचं हळदीचं रिकामं पोतं घरात पडून होतं ते स्वच्छ धुवून पलंगाच्या पायाला घट्ट गुंडाळलंय, त्यावर नखं घासते आता. कपाटाकडं फिरकत नाही. लेकाचा पण मेसेज आला, त्याच्या मांजराचं दुखणं तपासून औषध सुरू केलंय.

त्या दिवसानंतर मी एक बदल केलाय. पहिल्या लसीच्या वेळी आधी जन्माचा अंदाज घेते आणि कार्डावर पेनानं ऑपरेशनची तारीख लिहूनच देते, चार महिने पूर्ण झाले, लसी झाल्या, वजन बरं असलं की लगेच, बोका असो की मांजरी, पाच महिन्यांच्या पुढं जाऊ देत नाही. बोक्याचं लोक जास्त टाळतात, लहानपणी केलं तर लघवीची नळी बारीक राहते म्हणतात, पण ते तपासून बघितलंय अभ्यासकांनी, तसं काही आढळलेलं नाही. मांजरीच्या बाबतीत तर मी आता स्तनाच्या गाठीचं स्पष्ट सांगते. मांजराच्या या गाठी दहातल्या आठ-नऊ कॅन्सरच्या निघतात, आणि सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर हा धोका एक्याण्णव टक्के कमी होतो असं २००५ च्या एका अभ्यासात आलंय. माज थांबवायच्या गोळ्या कुणी सांगितल्या तर घेऊ नका म्हणते, त्यानंच स्तन सुजतात आणि पिशवीत पू होतो.

हळदीच्या तीन पिल्लांपैकी एक शेजारच्या मुलीकडं गेलं, एक यार्डातल्या काकांच्या जुन्या अडतीत, तिथं उंदीर फार. एक काकूंनी ठेवलं, ओंजळीतलं तेच. तिघांची कार्डं मी एकाच दिवशी केली, तिन्हींवर ऑगस्टमधली एकच तारीख. काकूंनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाल्या, "गणपतीच्या आधीच होतंय म्हणजे. बरं झालं, मग घरात पाव्हणे असतात, दारं उघडी राहतात."