किंमत जागेवरची

मंगळवारी काउंटरवर बसायची पाळी माझी. सिलिकॉन व्हॅलीतल्या एका शहराच्या नगररचना खात्यात मी नऊ वर्षं नोकरी करतेय. काउंटरवरचे बहुतेक प्रश्न ठरलेले असतात. कुंपण किती उंच चालेल? परसात आईसाठी वेगळी खोली बांधता येईल का? शेजाऱ्याच्या झाडाची पानं आमच्या पन्हळीत पडतात, त्याचं काय?

त्या मंगळवारी सत्तरी ओलांडलेली एक बाई आली. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत एक जाडजूड रिपोर्ट होता. मी तो लांबूनच ओळखला, कारण त्याचीच एक प्रत आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होती. बाईंना फक्त स्पॅनिश येत होतं, म्हणून माझी एक सहकारी दुभाषी म्हणून शेजारी बसली. खूण केलेलं पान उघडून त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. "हे माझ्या घराचे पूर्ण पैसे, की दर महिन्याला मिळणारे?"

आकडा होता नऊ हजार चारशे डॉलर. घराचे पूर्ण.

बाईंचं घर ‘मोबाइल होम’ होतं. हे नाव ऐकलं की आपल्याकडच्या माणसाला शूटिंगच्या सेटवरची व्हॅनिटी व्हॅन आठवते. तसं काही नसतं. कारखान्यात बांधलेलं घर ट्रकने आणतात, लोखंडी टेकूंवर ठेवतात, खालची पोकळी पत्र्याने झाकतात. पुढे ओटा होतो, कुंड्या येतात, आणि घर तीस-चाळीस वर्षं जागचं हलत नाही. 15 जून 1976 पासून अशा घरांना केंद्राचं बांधकाम मानक लागू झालं. त्यानंतरच्या घरांना कायद्यात ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणतात आणि त्यांच्या बाहेरच्या भिंतीवर लाल रंगाची धातूची पट्टी असते. या बाईंचं घर 1974 सालचं. पट्टी नाही.

अशी घरं जिथे एकत्र उभी असतात त्या वसाहतीला ‘पार्क’ म्हणतात. घर त्यांचं, जमीन पार्कच्या मालकाची. मला हे समजायला वेळ लागला नाही. राजापूरकडे आमच्या आजोबांचं घर असंच दुसऱ्याच्या जमिनीवर होतं आणि दरवर्षी भुईभाडं भरावं लागे. इथे ते दर महिन्याला भरतात, एवढाच फरक. बाकी भीती तीच: उद्या जमीनवाला उठ म्हणाला, तर भिंती डोक्यावर घेऊन जायचं कुठे?

आता जमीनवाला उठ म्हणाला होता. पार्क बंद करून तिथे चार मजली फ्लॅट बांधायचे होते. आमच्या शहरात काही पार्क नकाशावर फक्त ‘मोबाइल होम पार्क’ याच वापरासाठी राखलेले आहेत. तिथे पार्क बंद केला तरी झोन बदलून मिळेपर्यंत दुसरं काही उभं करता येत नाही, त्यामुळे बंद करण्यात फारसा फायदा राहत नाही. हा पार्क मात्र सत्तरच्या दशकातल्या एका वापर-परवान्यावर, साध्या दाट निवासी झोनमध्ये उभा होता. नकाशावरच्या रंगातला एवढासा फरक. कुणी जाणूनबुजून केला असेल असं मला वाटत नाही. त्या काळी या जमिनीला विचारतो कोण! खरं सांगायचं तर, एरवी मी दाट वस्तीच्या बाजूची. रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर फ्लॅट हवेत, हे मीच बैठकांमध्ये सांगत आले आहे. म्हणून तो रिपोर्ट आठवडाभर मी जरा सैल हातानेच चाळला होता.

बाई गेल्यावर तो नीट वाचायला घेतला.

कॅलिफोर्नियात पार्क बंद करायचा तर मालकाला रहिवाशांवर होणाऱ्या परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. सुनावणीच्या किमान 60 दिवस आधी तो प्रत्येक घरात पोचला पाहिजे. आमच्यापुढच्या अहवालात लिहिलं होतं, घरं आसपासच्या अकरा पार्कांमध्ये हलवता येतील. सोबत यादी होती. मी फोन उचलला. दुपारी तीनपर्यंत अकराही फोन झाले. चार ठिकाणी एकही जागा रिकामी नव्हती. दोन पार्क फक्त 55 वर्षांपुढच्यांसाठी होते, आणि अहवालातली निम्मी कुटुंबं शाळकरी मुलांची. उरलेल्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, "घर किती साली बांधलेलं?" 1974 म्हटल्यावर एक मॅनेजर हसलाच. "ते उचललंत तर रस्त्यातच उघडेल हो."

म्हणजे घर हलणार नव्हतं. मग कायदा म्हणतो, त्याची किंमत द्या. कोणती किंमत? अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराने जुन्या गाड्यांची काढतात तशी, घसारा वजा करत किंमत काढली होती. यात खोटं काही नव्हतं, पण सोयीचं होतं. उचलून माळावर नेऊन ठेवलेल्या 1974 च्या घराची किंमत तेवढीच येणार. त्याच पार्कात आदल्या वर्षी विकल्या गेलेल्या तशाच घरांच्या किमती मात्र सहा आकडी होत्या. बाजार पत्र्याचे पैसे देत नव्हता. शाळा, बस आणि तिथे राहण्याचा हक्क यांचे देत होता.

1 जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत याबद्दल एक वाक्य आहे. माझी आवड विचित्र असेल, पण कायद्याच्या पुस्तकातलं मला सगळ्यात आवडणारं वाक्य ते. रहिवाशाला दुसऱ्या पार्कात पुरेशी राहण्याची सोय मिळू शकत नसेल, तर त्याच्या घराची जागेवरची बाजारकिंमत द्यायची. आणि ती किंमत पार्क चालूच राहणार आहे असं गृहीत धरून काढायची. पार्क बंद होतोय म्हणूनच तर मूल्यमापन चाललंय, आणि मूल्यमापकाने मात्र तो बंद होणारच नाही असं समजायचं. नाहीतर व्हायचं काय, बंदची नोटीस आली की घराची किंमत पडते, आणि ती पाडणाराच मग पडलेल्या भावाने भरपाई देऊन मोकळा होतो.

अहवालाच्या परिशिष्टात ‘जागेवरची’ हा शब्द मी शोधला. एकदाही नव्हता.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "सुनावणीत येईलच की हे." मी म्हटलं, सुनावणीत माणशी दोन मिनिटं बोलायला मिळतं, त्यातलं निम्मं भाषांतरात जातं. नगरपालिकेच्या वकीलबाईंनी परिशिष्ट पाहिलं, चष्मा काढला नि म्हणाल्या, "अपूर्ण म्हणून परत पाठव. आजच." पाच वाजून चाळीस मिनिटांनी पत्र गेलं. साठ दिवसांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं.

मालकाच्या वकिलाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तो प्रकार इथे सांगण्यासारखा नाही. रहिवाशांचीही लगेच आशा वाढली. शेजारच्या पालो आल्टोत बुएना व्हिस्टा पार्क असाच बंद व्हायचा होता. 2017 मध्ये काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने तो विकत घेतला आणि लोक जागच्या जागी राहिले. "आमचा पण घेतील का?" हा प्रश्न काउंटरवर रोज यायला लागला. तिथे सुमारे चार कोटी डॉलर मोजावे लागले होते, एवढंच मी सांगत असे.

चार महिन्यांनी नवा अहवाल आला. नवा मूल्यमापक, नवे आकडे, बहुतेक घरांपुढे सहा आकडी रक्कम. त्या बाईंच्या घरापुढे मात्र आकडाच नव्हता. ‘मालकीची खात्री झाली नाही’ असा शेरा होता. मी त्यांना बोलावून घेतलं. त्या बटर कुकीजचा निळा गोल डबा घेऊन आल्या, आपल्याकडे सुया-दोरे ठेवतात तोच. आत टायटलचा, म्हणजे घराच्या मालकीचा, कागद होता, नवऱ्याच्या नावाचा. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

टायटल बदलण्याचा फॉर्म सॅक्रामेंटोला राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे पाठवावा लागतो. मी तो छापून काढला, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, फॉर्मची घडी करून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. मग सहकारीला काहीतरी विचारलं. ती क्षणभर थांबून मला म्हणाली, "त्या विचारताहेत, भाड्याची पावती अजून नवऱ्याच्या नावाने येते. ती पण बदलावी लागेल का?"