शेजारचं कुत्रं रात्रभर भुंकतंय, मग दंड किती?

उन्हाळ्यात आमच्या परभणीत अर्धी कॉलनी गच्चीवर झोपती, त्यामुळं मागच्या गल्लीतलं लॅब्राडॉर रात्री दोनला सुरू झालं की सगळ्यांनाच कळतं. सकाळी नळाला पाणी भरताना चर्चा एकच, की याच्यावर केस करता येती का हो?

तर भुंकण्याचा म्हणून वेगळा दंड मला तरी कुठं सापडला नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमात राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण तो सगळा रोख लाउडस्पीकर, डीजे, फटाक्यांवर, त्यात कुत्रं बसवायचं म्हणजे ओढाताणच. मोबाईलच्या ॲपवरचा आकडा घेऊन पोलीस ठाण्यात गेलात तर चहा मिळेल फार तर. दुसरा रस्ता सार्वजनिक उपद्रवाचा, भारतीय न्याय संहितेचं कलम २९२, दंड १००० रुपयांपर्यंत (जुन्या आयपीसीत २०० च होता). पण त्यात 'सार्वजनिक' हा शब्द आहे ना, म्हणून एकट्याच्या तक्रारीला वजन नाही, चार-पाच घरांच्या सह्या घ्या. प्रांत साहेबांकडं उपद्रव हटवायचा अर्जही करता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. आणि अपार्टमेंटवाल्यांनो, भुंकतंय म्हणून कुत्रं पाळायलाच बंदी असा ठराव सोसायटीनं करू नये, असं प्राणी कल्याण मंडळानं २०१५ लाच सांगितलंय.

मला विचाराल तर खरी गंमत वेगळ्याच कायद्यात आहे. ते कुत्रं एकदा जवळून बघा, गेटच्या आत पत्र्याखाली दोन हाताची साखळी, फरशीवर ती घासून घासून अर्धगोल उमटलाय, ॲल्युमिनियमचं भगुलं पालथं पडलेलं, मे महिन्यात. भुंकणार नाही तर काय करणार ते? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलंय, जनावर आखूड नाहीतर जड साखळीनं तासन्‌तास बांधणं हा गुन्हा, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलं नाही तर तोही गुन्हा. दंड? पहिल्या खेपेला १० ते ५० रुपये. हसू नका, खरंच तेवढाच आहे.

पण कुत्र्याच्या मालक काकांना हे कलम मोबाईलवर दाखवलं तर "आमचं कुत्रं आम्ही बघू" म्हणायला तोंड राहत नाही. आधी तेच करा, संध्याकाळी, एकटे जाऊन, अर्ज-सह्या नंतर.

हे सगळं पाळलेल्या कुत्र्याचं बरं का. मोकाटांचा विषय वेगळा, तिथं नोटीस देणार कुणाला?